पलीकडून उत्तर नाही : ‘एंटरटेनमेंट’ पाहण्यापूर्वी

रिक अल्व्हरसन या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘एंटरटेनमेंट’ या चित्रपटाची गोष्ट चार-पाच वाक्यांत सांगून होते. एक मध्यमवयीन कॉमेडियन कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातून गावोगाव कार्यक्रम करत चालला आहे. तुरुंग, महामार्गालगतचे बार, जिथे बोलावणे असेल तिथे तो रात्री माइकसमोर उभा राहतो. लोक फारसे हसत नाहीत, आणि हसले नाहीत की तो त्यांच्यावरच तोंड टाकतो. कार्यक्रम आटोपला की मोटेलच्या खोलीतून मुलीला फोन लावतो. ती फोन घेत नाही, तो निरोप ठेवतो. दौऱ्याच्या शेवटी हॉलिवूडमधल्या एका बड्या असामीच्या पार्टीची सुपारी आहे, आणि तिथे पोचेपर्यंत माणूस आतून पार खचलेला असतो. जानेवारी २०१५मध्ये सनडान्स महोत्सवात हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि तेव्हापासून त्याची ओळख अस्वस्थ करणारा, बघवत नाही असा, अशीच करून दिली जाते. ही विशेषणे खोटी नाहीत. पण ती परिणाम सांगतात, त्यामागची रचना सांगत नाहीत. माझे म्हणणे असे, की या चित्रपटाचा खरा विषय एकतर्फी बोलणे हा आहे. एक माणूस बोलत राहतो आणि पलीकडून काही येत नाही. विनोदाच्या लिखाणापासून कॅमेऱ्याच्या अंतरापर्यंत इथली प्रत्येक गोष्ट ही अवस्था दाखवण्यावर थांबत नाही; ती प्रेक्षकालाही भोगायला लावते. चित्रपट अंगावर येतो तो त्यामुळे.

यासाठी विनोदवीराचीच निवड का, हे आधी पाहायला हवे. कवी आपल्या वाचकाची वाट पाहू शकतो; त्याचे दिवस त्याच्या मरणानंतरही येऊ शकतात. चित्रकाराचे चित्र भिंतीवर मुक्याने टांगून राहू शकते. गंभीर नाटकातल्या नटाला नाट्यगृहातली शांतता ही दाद वाटू शकते. विनोद सांगणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. त्याचे वाक्य हशाने पुरे होते, आणि तो हशा त्याच क्षणी, ऐकू येईल असा, अनेकांच्या तोंडून यावा लागतो. हशाला सोबत लागते, एकट्या माणसाचे हसणे लवकर विरते, हे फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसन यांनी १९००मध्ये हास्यावरच्या निबंधात मांडले होते. म्हणजे कॉमेडियन हा असा कलावंत, की ज्याला दर पंधरा-वीस सेकंदांनी जगाकडून पावती मिळते किंवा मिळत नाही. पावती मिळाली नाही तर विनोद पडतो आणि तो पडताना साऱ्या खोलीला दिसतो. एकटेपणाची परीक्षा इतक्या उघड्यावर आणि इतक्या वारंवार घेणारा दुसरा व्यवसाय शोधावाच लागेल.

अल्व्हरसनने या भूमिकेसाठी घेतलेला माणूसही साधासुधा नट नाही. ग्रेग टर्किंग्टन यांचा जन्म ऑस्ट्रेलियातला, वाढले ते अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ‘अमरिलो’ नावाची छोटी ध्वनिमुद्रिका-कंपनी चालवली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेलिफोनवरच्या थट्टेच्या एका ध्वनिमुद्रिकेतून नील हॅम्बर्गर हे सोंग जन्माला आले. १९९६च्या ‘अमेरिकाज फनीमॅन’ या संग्रहापर्यंत त्याला पक्के रूप आले होते. तेल लावून टाळूवर चापून बसवलेले केस, मोठा चष्मा, टक्सिडो आणि बो, काखेत एकाच वेळी दाबून धरलेले दारूचे दोन-तीन ग्लास, आणि दोन विनोदांच्या मधे घशातला कफ खाकरून काढल्याचा लांबलचक आवाज. विनोद बहुतेक प्रश्नोत्तराच्या साच्यातले. अमुक नटाने तमुक का केले, असे काही विचारायचे आणि उत्तर असे द्यायचे, की ते एक तर अतिशय हिणकस असावे नाही तर अगदीच फुसके. पोशाख लास व्हेगासच्या जुन्या लाउंजमधला, पण सोंगाचा जन्म नव्वदीतला, यात एक संगती आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत स्टँड-अपची मोठी लाट आली होती. शहरोशहरी क्लब निघाले, शेकडो नवे कलाकार पोटापाण्याला लागले. मग केबल टीव्हीवर तोच माल घरबसल्या मिळू लागला आणि नव्वदी उजाडता उजाडता लाट ओसरली. क्लब बंद पडले. उरले ते एका रात्रीचे बारमधले कार्यक्रम आणि दोन कार्यक्रमांमधला मैलोन्‌मैल रस्ता. नील हॅम्बर्गर हा त्या ओहोटीनंतर किनाऱ्यावर उरलेला माणूस आहे. त्याच्यात विडंबन आहे, पण विडंबनाखाली एका धंद्याचा खराखुरा इतिहास आहे.

आता या चित्रपटातली सर्वांत महत्त्वाची युक्ती. नील हॅम्बर्गरच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांना जाणाऱ्यांना बहुधा माहीत असते, की हे सोंग आहे. विनोद मुद्दाम पाडला जातो आहे, आणि त्या पडण्यावर हसणे हाच खेळ आहे. प्रेक्षक आणि कलाकार यांच्यात न बोललेला करार असतो. ‘टेनेशियस डी’ या बँडच्या मोठ्या मैफलींआधी हॅम्बर्गरला उभे केले गेले तेव्हा अनेकांना तो करार ठाऊक नव्हता आणि त्यांनी आरडाओरडा केला. पण तेव्हाही सोंगाच्या आत बसलेल्या टर्किंग्टन यांना तो ठाऊक होता, आणि त्या शिव्यांसकट निघालेल्या २००७च्या ध्वनिमुद्रिकेवर श्रोते पुन्हा हसले. अल्व्हरसन, टर्किंग्टन आणि टिम हायडेकर यांनी मिळून लिहिलेल्या पटकथेत हा करारच काढून घेतला आहे. पोशाख तोच, खाकरणे तेच, विनोदही त्याच जातीचे; पण समोर बसलेल्या गिऱ्हाइकांना कशाचीच कल्पना नाही, आणि टक्सिडोच्या आत आता हुशार, सुरक्षित टर्किंग्टन नाहीत. श्रेयनामावलीत हे पात्र फक्त ‘द कॉमेडियन’ आहे. रंगमंचावरून उतरल्यावर चष्मा जातो, आवाज खाली येतो, इतका की काही प्रसंगांत त्याचे बोलणे कान देऊन ऐकावे लागते. कराराच्या जोरावर जे विनोद विनोदाचे विडंबन म्हणून चालत होते, तेच करार नाहीसा होताच एका माणसाचे रोजचे हरणे होऊन बसतात. शब्द बदललेले नाहीत, भोवतालची माणसे बदललेली आहेत. विनोद शब्दांत नसतो, तो ऐकणाऱ्यांच्या संमतीत असतो, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसऱ्या चित्रपटात दिसलेला नाही.

हाच आकार मग चित्रपटभर फिरून फिरून येतो. रंगमंचावर तो बोलतो, खोली गप्प. फोनवर तो बोलतो, पलीकडे निरोप घेणारे यंत्र. मुलगी कोण, ती का बोलत नाही, बापाने काय केले, यातले काही आपल्याला सांगितले जात नाही. आपल्या वाट्याला येतो तो फक्त त्याचा पडता आवाज आणि तोच तोच मजकूर, आणि त्यामुळे आपणही त्या यंत्राच्या बाजूला जाऊन बसतो. निरोप ऐकतो, पण उत्तर देऊ शकत नाही. दिवसा हा माणूस सहलींना जातो. निवृत्त विमानांचे आगर, तेलाच्या विहिरी, ओस पडलेले गाव. मार्गदर्शक पाठ केलेली माहिती सांगत असतो आणि आता ऐकणाऱ्याच्या जागी आपला कॉमेडियन असतो. तोही हसत नाही, विचारत नाही, नुसता मागे मागे चालतो. बोलणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल झाली, तरी मधली दरी तशीच. ही ठिकाणे निवडण्यातही डोळसपणा आहे. मोहावीची हवा इतकी कोरडी, की तिथे धातू लवकर गंजत नाही. म्हणूनच अमेरिकी विमान कंपन्या जुनी विमाने तिथे आणून उभी करतात, सुटे भाग काढून घेईपर्यंत ती वर्षानुवर्षे उन्हात उभी राहतात. तेलाचे पंप माणसाविना दिवसरात्र मान खालीवर करत असतात. यांतल्या कशालाच प्रेक्षकाची गरज नाही. ज्या माणसाचे अस्तित्व प्रेक्षकावाचून सिद्ध होत नाही, त्याला नेमके अशा प्रदेशातून फिरवले आहे.

छायालेखक लोरेन्झो हागरमन यांनी याआधी आमात एस्कालांते यांच्या ‘एली’ या २०१३च्या मेक्सिकन चित्रपटाचे चित्रण केले होते, आणि उजाड जमिनीवर माणूस किती लहान दिसतो याची त्यांची समज इथे कामी आली आहे. कॅमेरा पुष्कळदा लांब आणि स्थिर असतो. चेहऱ्याजवळ गेला तरी मनातले सांगण्यासाठी जात नाही. मिकेलान्जेलो आन्तोनिओनी यांच्या साठीच्या दशकातल्या चित्रपटांची आठवण इथे होते, ती याच कारणाने. तिथेही माणूस आणि भूदृश्य शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि त्यांच्यातला संबंध जोडून दिलेला नसतो.

चित्रपटसृष्टीला दुःखी विदूषकाची जुनी हौस आहे. चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्ये (१९५२) म्हातारा काल्व्हेरो विंगेत प्राण सोडतो आणि ज्या मुलीला त्याने उभे केले ती पलीकडे नाचत असते. राज कपूरच्या ‘मेरा नाम जोकर’चे (१९७०) सारे मर्म हसऱ्या मुखवट्याआडच्या अश्रूंत आहे. टॉड फिलिप्स यांच्या २०१९च्या ‘जोकर’ने तर आजार, आई, बालपणीचे अत्याचार, सरकारी मदतीतली कपात अशी कारणांची पूर्ण यादीच हातात दिली, व्हेनिसचा सुवर्णसिंह जिंकला आणि जगभरात शंभर कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. या चित्रपटांचा मोठेपणा मी कमी लेखत नाही, विशेषतः चॅप्लिनचा. पण त्या सगळ्यांत एक समान सोय आहे. पडद्यावरचे प्रेक्षक विदूषकाला समजून घेत नाहीत, आणि आपण, काळोखात बसलेले, त्याला समजून घेतो. आपण त्या निर्दय गर्दीपेक्षा वेगळे ठरतो. आपले डोळे पाणावतात आणि त्या पाण्यात थोडे समाधानही असते. ‘एंटरटेनमेंट’ ही जागा आपल्याला देत नाही. कारण सांगितलेले नाही, म्हणून समजून घेण्याचा मार्ग बंद. माणूस लाघवी नाही, म्हणून माया लावण्याचा मार्ग बंद. विनोद चांगले नाहीत, म्हणून या गावंढळांना कळलेच नाही असे म्हणण्याचीही सोय नाही. आपली प्रतिक्रिया बारमधल्या गिऱ्हाइकांसारखीच होते, आणि ती तशी झाल्याचे आपल्या लक्षात येते. एकट्या माणसाकडे पाहून आपणही मान फिरवतो, हे कबूल करायला लावणारे चित्रपट थोडे आहेत.

यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप क्रूरतेचा आहे, आणि त्याला उत्तर देण्याआधी त्याचे वजन मान्य केले पाहिजे. एका बारमध्ये एक बाई, एमी साइमेट्झ यांनी केलेली, कार्यक्रम चालू असताना काहीतरी किरकोळ बोलते. कॉमेडियन तिच्यावर तुटून पडतो. बाई म्हणून, शरीर म्हणून, जितके गलिच्छ बोलता येईल तितके बोलतो, आणि थांबत नाही. हे लिहिणारे तिघेही पुरुष आहेत, आणि असे दृश्य दाखवून आम्ही त्यावर टीकाच करतो आहोत असे म्हणणे ही पळवाट होऊ शकते, ही शंका रास्त आहे. मला निर्णायक वाटते ते असे. अपमान करणाऱ्या कॉमेडियनची कला अमेरिकेत प्रतिष्ठित आहे. डॉन रिकल्स यांनी आयुष्यभर समोरच्या गिऱ्हाइकांची टर उडवली आणि लोक तिचे बक्षीस मिळाल्यासारखे घरी गेले. ती चालते, कारण बाकीची खोली हसते आणि त्या हशात अपमान विरघळतो. अल्व्हरसनने तो हशा काढून घेतला आहे. आधार उरत नाही, आणि उरते ते एका पुरुषाने एका अनोळखी बाईवर केलेले आक्रमण, तेवढेच. शिवाय प्रसंग तिथे संपत नाही. ती बाई नंतर बाहेर त्याच्या अंगावर धावून जाते, आणि तेव्हा चित्रपट त्याची बाजू घेत नाही. एवढे म्हटल्यावरही एक गोष्ट राहते. त्या बाईला या प्रसंगापलीकडे आयुष्य दिलेले नाही, आणि चित्रपटातल्या बहुतेक स्त्रियांचे तसेच आहे. नायकाला दुसरे कोणी पुरेसे दिसत नाही हे त्याचे समर्थन होऊ शकते, पण माझ्या मते ते पुरे पडत नाही. इथे चित्रपटात खरीच उणीव आहे.

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा. एकच गोष्ट दीड तासाहून अधिक वेळ का दाखवायची? कळले की, माणूस एकटा आहे. मला वाटते, हा आक्षेप घेणारा अवस्थेला माहिती समजतो. माणूस एकटा आहे ही माहिती पहिल्या दहा मिनिटांत मिळते, हे खरे. पण एकटेपणाचा जाच त्याच्या पुनरावृत्तीत आहे, आणि पुनरावृत्ती वेळ घेतल्याशिवाय दाखवता येत नाही. तिसरा फोन पहिल्या फोनसारखाच असतो. ऐकणारे आपण मात्र तेच राहिलेलो नसतो, कारण तोवर आपणही त्या मुलीने फोन उचलण्याची आशा सोडलेली असते. शिवाय चित्रपट वाटतो तितका एकसुरी नाही. टाय शेरिडनने केलेला एडी हा तरुण विदूषक कार्यक्रमाची सुरुवात करतो. तो बोलत नाही, ओंगळ हावभाव करतो, आणि लोकांना तो या माणसापेक्षा कितीतरी सहज पचतो. शब्दांवर जगणाऱ्यासमोर निःशब्द पोरगा उभा करण्यात फार बारीक दुःख आहे. जॉन सी. रायली यांनी केलेला नात्यातला भाऊ तर चित्रपटातला सर्वांत प्रेमळ माणूस. तो कौतुक करतो आणि मग, अगदी मनापासून, सुचवतो, की जरा सर्वांना रुचेल असे काही करावे. त्याच्या सल्ल्यात वाईट काहीच नाही. या माणसाला नेमके काय हवे आहे ते मात्र त्याला ऐकू येत नाही, आणि तो बोलत असताना कॉमेडियनच्या चेहऱ्यावर जी विझलेली सभ्यता येते, ती टर्किंग्टन यांच्या अभिनयातली सर्वांत अवघड जागा आहे. मायकल सेरा यांचा महामार्गावरच्या स्वच्छतागृहातला प्रसंगही याच धाग्यातला. तिथे एक अनोळखी तरुण काकुळतीला येऊन सोबत मागतो, आणि आता उत्तर न देणारा आपला कॉमेडियन असतो. ज्याला कुणी प्रतिसाद देत नाही तो माणूस प्रतिसाद देण्यात तरबेज असेल असे नाही. दिग्दर्शकाने त्याला इथे मुळीच सवलत दिलेली नाही, आणि चित्रपटाचा प्रामाणिकपणा मला याच ठिकाणी सर्वाधिक जाणवतो.

वाळवंटातल्या गावकऱ्यांची ही टिंगल आहे, असेही कोणी म्हणेल. अल्व्हरसनचा आधीचा चित्रपट ‘द कॉमेडी’ (२०१२) पाहिला, तर ही शंका टिकत नाही. तिथे हायडेकर यांनी ब्रुकलिनमधला एक श्रीमंत, रिकामटेकडा माणूस उभा केला आहे. त्याला कष्ट करणाऱ्या प्रत्येकाची थट्टा करता येते आणि तिची किंमत कधीच मोजावी लागत नाही. त्या चित्रपटातली उपरोधाची चैन खिशात पैसे असणाऱ्यांची होती. ‘एंटरटेनमेंट’मध्ये तोच उपरोध ज्याच्या पोटापाण्याचा आहे त्याच्या अंगावर टाकून पाहिला आहे. बारमधली माणसे दिवसाचे काम उरकून बसली आहेत, त्यांनी या माणसाला बोलावलेले नाही, आणि त्यांचे गप्प राहणे हा त्यांचा दोष म्हणून दाखवलेला नाही. उलट शेवटच्या पार्टीत, जिथे पैसा आहे, झगमगाट आहे, जिथे यजमान खुद्द हायडेकर आहेत, तिथे कॉमेडियनला केकमधून बाहेर यायचे असते. तो येतो, आणि त्याच्याने पुढे काही होत नाही. तो रडू लागतो. दौऱ्यातल्या सर्व रात्रींपैकी याच रात्री त्याच्यापुढे करमणुकीसाठी जमलेले, हसायला तयार असलेले लोक आहेत. दौऱ्यातल्या कुठल्याही बारने त्याला इतके एकटे पाडले नव्हते.

एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. ज्यांनी नील हॅम्बर्गरचे कार्यक्रम पाहिलेले नाहीत, त्यांनी चित्रपटाआधी ते शोधून पाहू नयेत, असे मला वाटते. या प्रस्तावनेत त्यांच्याविषयी जे आले आहे ते अभ्यासापुरते आहे. प्रत्यक्ष सोंग आधी पाहिले तर हसण्याची सवय लागते, आणि सवय लागलेला कान घेऊन आपण त्या बारमध्ये गेलो तर आपण गिऱ्हाईक राहत नाही, जाणकार होतो. जाणकाराला हा चित्रपट पुष्कळ सोपा जातो. तो तितका सोपा व्हावा असे तो करणाऱ्यांच्या मनात नव्हते. ध्वनिमुद्रिका नंतर जरूर ऐकाव्यात. विशेषतः सुरुवातीच्या, ज्यांवरच्या विरळ टाळ्याही बनवून घेतलेल्या आहेत. त्या टाळ्या कुणी, कशासाठी बनवल्या असतील, हा प्रश्न चित्रपट पाहून झाल्यावर विचारला तर त्याला निराळे वजन येते.